तिसऱ्या रांगेतलं बाक

"ओढ," पप्पा पलंगाच्या त्या बाजूने म्हणाले. "ओढ म्हणजे ओढ. गोंजारू नकोस."

मी पलंगाखाली पालथी पडले होते. नाकात जळमटं, केसांत जळमटं आणि दोन्ही हातांत सागवानाच्या फळीचं टोक. अशा पाच फळ्या गेली एकोणीस वर्षं आमच्या पलंगाखाली पडून होत्या. आईला कपाट करून द्यायचं म्हणून पप्पांनी त्या हौसेने आणल्या होत्या. मिशनच्या शाळेत चाळीस वर्षं सुतारकाम शिकवलेल्या माणसाच्या घरात कपडे मात्र दोरीवर असायचे. घरी कोणी पाहुणी आली की आई तिला वाकायला लावून पलंगाखाली दाखवायची, "हे आमचं कपाट. सध्या आडवं झालंय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसायची की पाहुणीला तिला पाणी आणून द्यावं लागायचं.

फळी निघाली, तिच्यामागून मीही निघाले.

"कपाट करायचं?" मी विचारलं.

"आता कुणाला?" पप्पा म्हणाले. फळीवरची धूळ त्यांनी बाहीने पुसली, बोटाची पेरं लाकडावर वाजवून पाहिली. "बाक करायचं. चर्चसाठी. कृपाच्या नावाचं."

मी उठून बसले. चर्च हा शब्द अकरा महिन्यांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते.

ही एकोणीसशे शहाऐंशीची गोष्ट. आमचं गाव नगर जिल्ह्यात, कालव्याच्या काठी. ख्रिस्ती वस्ती जुनी, साठेक घरांची. मी सत्तावीस वर्षांची होते, गावातल्याच प्राथमिक शाळेत शिकवत होते. आई, म्हणजे कृपाबाई, आदल्या डिसेंबरात गेली. तिला पुरलं, त्यानंतरच्या रविवारी पप्पा एकदा चर्चला गेले आणि मग जाणं बंदच केलं. पाळकसाहेब दोनदा घरी येऊन गेले. दोन्ही वेळा पप्पांनी त्यांना चहा दिला आणि तब्येत बरी नसते म्हणून सांगितलं. तब्येत तशी ठीक होती. फक्त हात थरथरायचे.

"बाक झालं की तुम्ही याल चर्चला?" मी विचारलं.

"स्वतः केलेलं बाक जागेवर नीट बसलंय की नाही ते बघायला माणूस जातोच," ते म्हणाले.

मला तेवढं पुरेसं होतं.

इथे आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे तिला चर्चमध्ये हसू यायचं. टिंगल म्हणून नाही, भक्ती तिची पप्पांपेक्षा जास्त होती. पण सगळे गंभीर झाले की तिला आतून उकळी फुटायची. तिच्या माहेरचे सगळे गोर्डे तसेच. एकदा पाहुणे उपदेशक, येशूला बघायला बुटका जक्कय झाडावर कसा चढला ते दाखवायला, स्टुलावर चढले आणि त्यांना उतरता येईना. आई पदर तोंडात कोंबून बसली होती, पण तिच्याबरोबर तिसऱ्या रांगेतलं अख्खं बाक हलत होतं. आमच्याकडे पुरुष डावीकडे बसतात, बायका उजवीकडे. डावीकडून पप्पांचं खाकरणं आलं. "ख्ंहं." झालं. आई गप्प. दर रविवारी निदान एकदा ते खाकरणं यायचं. लहानपणी मला वाटायचं, तो उपासनेचाच एक भाग आहे.

दुसऱ्या दिवशी मागच्या शेडमध्ये पप्पांनी हत्यारं मांडली. करवत, रंधा, पटाश्या, गुण्या, लाकडी मोगरी. मग स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले. ते पाण्यातल्या सावलीसारखे हलत होते.

"हे आता माझं ऐकत नाहीत," ते म्हणाले. "तुझे दे."

"मला काय येतंय, पप्पा? तुम्ही मला कधी रंध्याला हात लावू दिलात?"

"चूक झाली. धर."

महिनाभर शाळा सुटली की मी शेडमध्ये. पप्पा स्टुलावर बसून हुकूम सोडायचे. "अंग टाकू नकोस, अंग दे." "रेघ मिटवू नकोस, रेघेच्या अलीकडे काप." "पटाशी ही पटाशी आहे, उलथनं नाही." चाळीस वर्षांत त्यांच्या वर्गातून किती मुलं गेली असतील, त्या सगळ्यांची मला कीव आली. पण तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी रंध्यातून एक लांबलचक, पातळ, न तुटलेली साल निघाली. पप्पांनी ती उजेडासमोर धरली, तिच्यातून माझ्याकडे पाहिलं आणि ती अलगद खिशात ठेवली. मी रात्रीच्या भाकरी करताना तव्याशी उगीच गुणगुणत होते.

शेवटच्या आठवड्यात लुकामामा आला. आईचा धाकटा भाऊ. श्रीरामपूरला त्याची बेकरी होती. वजन एकशे दहा किलो. खारीचा डबा एका हातात, बॅग दुसऱ्या हातात, आणि दारातूनच ओरडला, "एस्तू! कुठंय माझ्या बहिणीचं बाक? मला बसून बघायचंय!"

"बसायचं नाही," पप्पा आतून म्हणाले. "अजून सांधायचंय."

मामाने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. आईचेच डोळे. मी पटकन चहा टाकायला गेले.

सांधायचं काम गुरुवारी होतं. बाकाची जोडणी जुन्या पद्धतीची, खिळा एकही नाही. एका लाकडाला जीभ कापायची, दुसऱ्याला तिच्या मापाचं तोंड पाडायचं. जिभेला सुतार कुसू म्हणतात. कुसूला सरस लावून तो तोंडात ठोकून बसवायचा आणि आरपार एक लाकडी खुंटी मारायची. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याचा डिंक, गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून वितळवतात. बाजारातला पांढरा गोंद पप्पांना चालत नसे.

दुपारपर्यंत सगळे सांधे बसले. एकच राहिला होता, बैठकीखालची लांब पट्टी उजव्या पायात जाते तो. पॉलिशला लागणारा चपडा संपला होता, म्हणून पप्पांना तालुक्याला जाणारी एस.टी. गाठायची होती.

"मी येईपर्यंत थांबा," ते म्हणाले. मग शेडच्या दारात घुटमळले. "नको. सरस आत्ता चांगला तापलाय. एस्तेर, तू बसव. सरस लावल्यापासून वीस आकड्यांच्या आत कुसू आत गेला पाहिजे. एकदा गार झाला की मग देवदूत आला तरी हलायचा नाही. लुका, तू मोजायचं. मोठ्याने. आणि काहीही झालं तरी मोजणं थांबवायचं नाही."

"दाजी, मी रोज दोनशे पाव मोजतो," मामा म्हणाला.

पप्पा गेले. मी कुसूला सरस चोपडला, तोंडाला आतून चोपडला, पट्टी उचलली. मामा सरसाच्या डब्याशी उकिडवा बसला आणि गीत सुरू केल्यासारखा खड्या आवाजात मोजू लागला. "एऽक. दोऽन. तीऽन."

नऊपर्यंत कुसू तोंडाशी लागला. दहाला मी मोगरी उचलली. "अकरा" म्हणताना मामाच्या नाकात भुसा गेला आणि त्याने शिंक दिली. त्याच्या वरच्या दातांची कवळी नवी होती आणि जरा सैल होती. ती तोंडातून निघाली, हवेत एकदा उलटली आणि सरळ सरसाच्या डब्यात गेली. डुबुक.

मामाने डब्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. त्याचा वरचा ओठ आत गेला होता आणि तो एकदम सहा महिन्यांच्या बाळासारखा दिसत होता. पण पप्पांनी सांगितलं होतं, थांबायचं नाही.

"बाला," तो म्हणाला. "थेला. फौदा."

मी मोगरी धरून ठेवली. खरंच धरून ठेवली. मी दात आवळले, छताकडे पाहिलं, आई गेली तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. तेवढ्यात मामाने ब्रश डब्यात घालून कवळी वर काढली. तिच्यावरून सरसाच्या तारा लोंबत होत्या आणि ती ब्रशच्या टोकावर बसून, आमच्या दोघांकडे बघून, छान हसत होती.

"शतला," मामा म्हणाला. "अथला."

मी कोसळले. मोगरी सुटली, मी रंध्याच्या सालींच्या ढिगात पडले आणि हसत सुटले. आवाज फुटत नव्हता, श्वास मिळत नव्हता, पोटात दुखत होतं. मामाही हसत होता, पण दाजींचा हुकूम मोडायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून हसता हसता मोजत होता. एकवीस, बावीस, तीस. प्रत्येक आकड्याला मला नवी उबळ यायची. अकरा महिन्यांत मी एकदाही हसले नव्हते आणि ते सगळं एकदम बाहेर पडत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कशाचं होतं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

"एकोणपन्नास," मामा म्हणाला आणि मला सरस आठवला.

उठून पाहिलं तर कुसू पाव इंच बाहेर. मोगरीने ठोकला. हलला नाही. मामाने ठोकला. अख्खं बाक एक वीत सरकलं, कुसू तिथेच. खुंटीची भोकं एकमेकांसमोर आली नाहीत, ती तिरपी निम्मीच गेली आणि अडकली. आम्ही दोघं त्या सांध्याकडे बघत उभे राहिलो.

"सांगू या त्यांना," मी म्हणाले.

"आणि मग?" मामा म्हणाला. "दाजी म्हणतील, बाक बिघडलं. बिघडलेलं बाक ते चर्चमध्ये ठेवायचे नाहीत. आणि बाक नाही तर ते नाहीत."

तो ते बोबडंच बोलला, पण मला स्पष्ट कळलं. मी खुंटीचं बाहेर आलेलं टोक कापलं, फटीत सरस आणि भुसा भरला, पॉलिश पेपरने घासलं. दिसायला काही दिसत नव्हतं.

पप्पा संध्याकाळी आले. टोपीसुद्धा न काढता बाकाशी गुडघ्यावर बसले आणि एकेक सांधा बोटांनी चाचपत गेले. त्यांचे हात एरवी थरथरायचे, पण लाकडावर टेकले की थांबायचे. डावा पाय, मधला पाय, पाठ. उजव्या पायाशी बोटं थांबली.

"हा कोणी बसवला?"

"मी," मी म्हणाले.

पप्पांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं.

"लुका, तुझे दात कुठे आहेत?"

"भिजत घातलेत, दाजी."

"बरं," पप्पा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

शनिवारी टेम्पोतून बाक चर्चला गेलं. साडेसहा फुटांचं, मधासारख्या रंगाचं. पाठीवर मी पटाशीने अक्षरं कोरली होती, "कृपाबाई शांतवन साळवे यांच्या स्मरणार्थ." उजव्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, आईच्या जागी ते ठेवलं. टेम्पोवाला गेल्यावर मी त्यावर बसून पाहिलं. आवाज नाही. देवाचे आभार मानले.

"सरक," म्हणत मामा शेजारी बसला.

"हीं," बाक म्हणालं.

आम्ही दोघं गोठलो. मामा हळूच दुसऱ्या कुशीवर कलला.

"हीं-ही-ही-हीऽ."

बारीक, चढत जाणारा, दाबून ठेवलेला आणि तरी निसटलेला आवाज. मामाचा चेहरा पांढरा पडला.

"एस्तू," तो म्हणाला, "ही तर आक्काच."

आम्ही सांध्यात साबण चोळला. आवाज तसाच. मेणबत्ती चोळली, तर आधी एकच सूर होता, त्याचे दोन झाले. मी अगदी रडकुंडीला आले. उद्या सगळ्या वस्तीसमोर पप्पांना त्या बाकावर बसायचं होतं. मंडळीचे सचिव दाऊदराव केदारी यांनी वडिलांच्या नावाने शहरातल्या कारखान्यातून बाक करवून आणलं होतं, तेव्हा पप्पा त्याला चारचौघांत खोकं म्हणाले होते. आता दाऊदराव काय म्हणतील? आणि पप्पा त्या दारातून परत कधी आत येतील?

"तू डावीकडे बस उद्या," मी मामाला म्हणाले. "पुरुषांत. तू बसला नाहीस तर ते वाजत नाही."

पण घरी पप्पांनी ते धुडकावून लावलं. "अर्पणाच्या दिवशी घरचे सगळे त्याच बाकावर बसतात. तिच्या माहेरचं आता तुझ्याशिवाय कोण आहे?"

मामाने रात्रभर विचार करून तोडगा काढला. "मी बसणारच नाही," तो सकाळी कोट घालताना माझ्या कानात म्हणाला. "नुसता बसल्यासारखा दिसेन."

चर्च भरलं होतं. पप्पा काळा कोट घालून आत आले तेव्हा कुजबुज झाली. कितीतरी लोकांनी उठून त्यांचे हात धरले. बाकाच्या एका टोकाला पप्पा, मध्ये मी, दुसऱ्या टोकाला लुकामामा. मामा खरंच बसला नव्हता. समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून, गुडघे वाकवून, बैठकीच्या दोन बोटं वर तो अधांतरी होता. कोटामुळे कोणाला कळत नव्हतं. मला कळत होतं, कारण त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या होत्या.

पाळकसाहेबांनी बाकाचं अर्पण केलं. आईबद्दल चार शब्द बोलले, चांगले बोलले. मग म्हणाले, "आता दाऊदराव प्रार्थना करतील."

दाऊदरावांची प्रार्थना म्हणजे आधी मंडळी, मग गाव, मग तालुका, मग जिल्हा.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. दाऊदराव सुरू झाले. मंडळी आटोपली. गाव आटोपलं. मामाच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्याच्या नाकातून किटलीसारखा आवाज यायला लागला. तालुक्यातल्या पाटबंधाऱ्यांपाशी त्याने माझ्याकडे एक दीनवाणी नजर टाकली. मी मानेनेच नाही म्हणाले. त्याने डोळे मिटले आणि एकशे दहा किलोंनी खाली आला.

"हीं-ही-ही-ही-ही-हीऽऽ!"

दाऊदराव थांबले. सगळं चर्च थांबलं. आणि त्या शांततेत दुसऱ्या रांगेतून, नव्वदीच्या रिबकाआजी, ज्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, मागे न वळता, सवयीने, दटावून म्हणाल्या,

"कृपे, गप गं. प्रार्थना चाललीय."

मी पप्पांकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. ते ताठ बसले होते. नजर समोर.

"ख्ंहं," ते खाकरले.

बाक गप्प झालं. कारण मामा गप्प झाला होता. पण एक क्षणच. पप्पांच्या त्या खाकरण्याने मामाच्या आतलं काहीतरी सुटलं. त्याचं पोट हललं, बाक हललं, "ही," बाक म्हणालं, आणि मी मामाकडे पाहिलं, ती माझी चूक. मी पदर तोंडात कोंबला. माझे खांदे हलले. "ही-ही," बाक म्हणालं. आम्ही जितके हसू दाबत होतो तितकं ते हसत होतं आणि ते हसलं की आम्हाला आवरत नव्हतं. मागच्या रांगेतून कोणीतरी फुटलं. मग बायकांची अख्खी बाजू. पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्र उघडून चेहऱ्यासमोर धरलं, पण ते उलटं होतं.

आणि मग माझ्या डावीकडे एक आवाज झाला. गंजलेली कडी उघडावी तसा. पप्पा हसत होते. पप्पांना मी हसताना कधी पाहिलंच नव्हतं, मिशीतल्या मिशीत सोडून. ते पुढे वाकले होते, थरथरणारे दोन्ही हात गुडघ्यांवर आपटत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि प्रत्येक वेळी बाक त्यांना साथ देत होतं.

दाऊदरावांनी जिल्हा सोडून दिला. "आमेन," ते म्हणाले.

बाहेर अंगणात ते आमच्याकडे आले. "साळवे मास्तर, घाईत झालं असेल काम. या आठवड्यात दुरुस्त करून घ्या."

"नाही," पप्पा म्हणाले.

"अहो, दर रविवारी असं—"

"दाऊदराव, चाळीस वर्षं मी सांधे शिकवले. कुठला दुरुस्त करायचा आणि कुठला नाही, एवढं मला कळतं."

आम्ही कालव्याच्या कडेने घरी निघालो. मामा मांडी धरून मागून लंगडत येत होता. मला राहवेना.

"पप्पा, तो सांधा माझ्या हातून बिघडला. आम्ही हसत बसलो आणि सरस गार झाला. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"कुसू पाव इंच बाहेर आहे," पप्पा चालता चालता म्हणाले. "खुंटी तिरपी. वर भुसा भरलायस. घासलायस मात्र छान."

मी जागीच थांबले. "तुम्हाला माहीत होतं?"

"हात लावला तेव्हाच."

"मग पुन्हा का नाही बसवून घेतला?"

"घेणार होतो. वाफ दिली की सरस सुटतो. तुम्ही दोघं आत जेवत होता, मी शेडमध्ये किटली चढवली. सांधा सैल करायला म्हणून बरोबर त्याच्यावर गुडघा देऊन सगळ्या अंगाने दाबलं, आणि ते वाजलं." मामा ऐकत नाही ना, ते त्यांनी मागे वळून पाहिलं. "मी परत दाबलं."

"किती वेळा?"

"किटलीतलं पाणी आटेपर्यंत."

कालव्याला पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. पप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

"ती गेल्यावर पहिल्या रविवारी मी गेलो होतो चर्चला," ते म्हणाले. "गाणी झाली, उपदेश झाला, प्रार्थना झाली. सगळं संपलं, एस्तेर, आणि मला एकदाही खाकरावं लागलं नाही. तेव्हा कळलं, मी काय करत होतो इतकी वर्षं. तिचं हसू पहिल्यांदा ऐकलं ते चर्चमध्येच. त्या हसण्यावरून तर मी तिला मागणी घातली होती. आणि लग्न झाल्यावर दर रविवारी ते बंद करत राहिलो. लोक काय म्हणतील म्हणून."

मी त्यांचा हात धरला.

"दाजी," मामा मागून ओरडला, "जरा हळू चला की! तुमच्या बाकापायी माझे पाय गेले!"

पप्पा पुन्हा हसायला लागले आणि आम्हाला कालव्याच्या कठड्यावर बसावं लागलं.

सोमवारी मामा श्रीरामपूरला परत गेला. आता या सगळ्याला चाळीस वर्षं होत आली. पप्पा त्यानंतर आणखी नऊ वर्षं जगले आणि त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. पण मला आठवतो तो पुढचाच रविवार.

पप्पा आत आले, डावीकडे पुरुषांकडे पाहिलं आणि सरळ उजवीकडे वळले. तिसऱ्या रांगेत, आईच्या बाकावर, बायकांच्या मध्ये जाऊन बसले. अर्पणाचा दिवस सोडला तर आमच्या चर्चच्या इतिहासात असं कोणी केलं नव्हतं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पदर सावरले आणि सरकून जागा दिली. मी त्यांच्या शेजारी होते. माझ्यापलीकडे शाळेतल्या सुमन शेलार, मग टेलरिंग करणाऱ्या लिया पाटोळे, मग तिची जाऊ.

प्रार्थनेला दाऊदराव उभे राहिले. माना खाली गेल्या. मंडळी झाली, गाव झालं. तालुका सुरू झाला तसे पप्पा, डोळे मिटलेले, हात जोडलेले, चेहरा एखाद्या संतासारखा, हळूच डाव्या अंगाला कलले.

काही नाही.

ते उजवीकडे कलले. तरीही काही नाही. पप्पा म्हणजे काठीवर कोट. त्यांच्याने ते बाक कसलं हसतंय? त्यांनी एक डोळा उघडला आणि माझ्याकडे इतक्या निराशेने पाहिलं की मला काय करावं कळेना. मी त्यांच्याबरोबर कलले. बाक ढिम्म.

दाऊदराव जिल्ह्यात शिरले होते. तेवढ्यात माझ्या पलीकडे काहीतरी सळसळलं. सुमन शेलारांनी डोळे मिटलेलेच ठेवून लियाला कोपर मारलं. लियाने जावेला मारलं. आणि कोणी काही न बोलता, माना खाली, हात जोडलेले, आम्ही पाचजण एकदम कललो.

बाक मनसोक्त हसलं.